'पुअर फेलो माय कंट्री' वाचलीय का कोणी? (डार्विन, १९४२ आणि प्रिंडी नावाचा मुलगा)

मुक्काम_डार्विन

मंडळी, चार महिने पुरलेली एक कादंबरी परवा संपली आणि तेव्हापासून डोक्यातून जात नाहीये, म्हणून हा धागा. झेवियर हर्बर्टची 'पुअर फेलो माय कंट्री'. १९७५ साली आली, त्याच वर्षाचं माइल्स फ्रँकलिन पारितोषिक तिला मिळालं (इथे कादंबरीसाठी सगळ्यात मानाचं तेच), आणि पानं १४६३. पावसाळा सुरू झाला तेव्हा हातात घेतली होती, इथला पावसाळा नोव्हेंबर ते एप्रिल, पुस्तक मिटलं तेव्हा पाऊस ओसरून गवत वाळायला लागलं होतं.

काळ १९३६ ते १९४२. जागा उत्तर ऑस्ट्रेलिया. कादंबरीतल्या गावाचं नाव पोर्ट पाल्मेस्टन आहे पण ते डार्विनच, १९११ पर्यंत डार्विनचं नाव पामरस्टन होतं. मधे प्रिंडी नावाचा मुलगा. आई मूळनिवासी, बाप गोरा, डोळे करडे, अंगाचा रंग सोनेरी तपकिरी, गाण्याचा कान जन्मजात. त्याचा गोरा आजा जेरेमी डिलेसी, लिली लगून्स नावाच्या मोठ्या कॅटल स्टेशनचा मालक. (कॅटल स्टेशन म्हणजे आपला गोठा नव्हे हं, एकेकाची जमीन आपल्या दोन-तीन तालुक्यांएवढी.) हा जेरेमी बाकीच्या गोऱ्यांसारखा नाही, त्याची दुसरी बायको नानागो मूळनिवासी आहे, त्याला तिथल्या माणसांबद्दल कळवळा आहे, आणि तो बोलतो. फार बोलतो. पानंच्या पानं भाषण. मधली दोनेकशे पानं मी अक्षरशः रेटली, हे आधीच सांगते.

दुसऱ्या बाजूला बॉबविरिडिरिडी नावाचा म्हातारा, पुकारक्का म्हणजे जाणता, मंत्र-तंत्र, सर्प, जमिनीची गाणी हे सगळं ज्याच्याकडे आहे असा. त्याला प्रिंडी हवाय, ज्ञान पुढे द्यायला. सरकारला प्रिंडी हवाय कारण तो 'हाफ-कास्ट' म्हणजे मिश्र रक्ताचा, आणि तेव्हाच्या कायद्याने असं मूल आईपासून काढून कंपाउंडमध्ये, म्हणजे सरकारी बंदिस्त वस्तीत, ठेवता यायचं. मिशनवाल्यांना हवाय. जर्मनांपासून पळून आलेली रिफ्का नावाची ज्यू मुलगी आहे, तिचाही जीव त्याच्यात गुंतलाय. आणि आजोबाला तर हवाच आहे, त्याला वाटतं गोरे-काळे मिसळून या देशात एक नवी प्रजा घडायला हवी होती आणि हा पोरगा म्हणजे तिची शेवटची आशा.

मला जे खुपलं ते हे, की या १४६३ पानांत प्रिंडीवर प्रेम करणारी माणसं कमी नाहीत, द्वेष करणारे तर थोडेच, पण त्याला काय पाहिजे हे जवळजवळ कोणीच विचारत नाही. जो तो मायेने त्याच्या वतीने ठरवून मोकळा होतो. आणि युद्ध जवळ आलं की हे ठरवणं आणखी घाईचं, आणखी क्रूर होतं, कारण आता 'सुरक्षिततेसाठी' म्हणून काहीही करता येतं.

तिसऱ्या भागाचं नावच 'डे ऑफ शेम'. १९ फेब्रुवारी १९४२, पर्ल हार्बरनंतर दहा आठवडे. सकाळी १८८ जपानी विमानं डार्विनवर आली, दुपारी पुन्हा दुसरी लाट, किमान २३५ माणसं गेली, धक्क्याला लागलेलं दारूगोळ्याचं 'नेपच्युना' जहाज फुटलं, पहिल्या हल्ल्यात गोदी कामगार चिरडले गेले. आणि मग जी पळापळ झाली, लोक मिळेल त्या वाहनाने दक्षिणेला, सैनिकांनीच रिकामी घरं लुटली, याची पुढे सरकारी चौकशी झाली. कादंबरी तिथे येऊन थांबते तेव्हा हर्बर्टचा राग पानातून बाहेर येतो. दीडशे वर्षं ही भूमी आमची म्हणणारे एका सकाळीत पळाले, असा तो राग आहे.

दरवर्षी १९ फेब्रुवारीला इथे समुद्राकाठच्या स्मारकापाशी सकाळी ९ वाजून ५८ मिनिटांनी सायरन वाजवतात, बरोब्बर बॉम्ब पडले त्या वेळी. या वर्षी मी पुस्तक अर्धं वाचून तिथे गेले होते. भाषणं झाली, विमानं वरून गेली, फुलं वाहिली. मी मनात शोधत होते प्रिंडीसारखी मुलं त्या सकाळी कुठे होती.

शेवट सांगत नाही, कोणी वाचणार असेल तर. पण अंगावर येतो.

दोन प्रश्न आहेत. एक, कोणी वाचलीय का. दोन, हे नाव मराठीत कसं आणाल? हे काही शुद्ध इंग्रजी नाही, तिथल्या पिजिनमधला, म्हणजे मोडक्या मिसळ इंग्रजीतला, उसासा आहे.

वाचनवेडा_नगरकर

नाव पहिल्यांदा ऐकलं. १४६३ पानं ऐकून धडकी भरली पण तुम्ही लिहिलंय ते वाचून शोधावीशी वाटतेय. एक शंका मात्र आहे. लेखक गोरा ना? मग पुकारक्काचं मन, मूळनिवासी विधी, त्यांचा सर्प, हे तो कुठल्या हक्काने लिहितो? आपल्याकडे दलित साहित्याच्या वेळी हाच वाद झाला, सहानुभूतीने लिहिलेलं आणि स्वतः भोगून लिहिलेलं यात फरक आहे की नाही. माझं मत तेव्हाही होतं की फरक आहे आणि तो मोठा आहे.

मुक्काम_डार्विन

हो, गोराच. १९०१ चा जन्म, पश्चिम ऑस्ट्रेलियातलं जेराल्डटन, शिकला फार्मासिस्टचं. तुमची शंका रास्त आहे आणि मलाही वाचताना सारखी टोचत होती. फक्त एक गोष्ट त्याच्या बाजूने, की तो लांबून लिहीत नव्हता. १९३५-३६ मध्ये काही महिने तो डार्विनच्या काहलिन कंपाउंडचा सुपरिटेंडंट होता, म्हणजे जिथे ही काढून आणलेली मुलं ठेवत त्याच जागेचा. आणि युद्धात तो उत्तरेच्या टेहळणी तुकडीत होता, घोड्यावरून किनारे आणि नदीची मुखं राखायची असं काम. तर त्याला कंपाउंडची भिंत आतून माहीत होती, पण किल्ली त्याच्या हातात होती. मला वाटतं जेरेमीच्या तोंडची ती न संपणारी भाषणं त्यातूनच आलीत, अपराधी माणूस जास्त बोलतो.

काहलिनची जागा मी बघून आले. आता तिथे काही नाही, काहलिन अव्हेन्यू नावाचा रस्ता आहे, झाडं, महागडी घरं, खाली समुद्र. जमीन लाराकिया लोकांची, त्यांना शहराबाहेर त्या कंपाउंडमध्ये कोंबलं होतं आणि तिथून रोज शहरात कामाला आणायचे.

अबोली_मेलबर्न

नगरकर, तुमचा मुद्दा धरूनच सांगते. हर्बर्टनंतर पंचवीस वर्षांनी किम स्कॉटला तेच माइल्स फ्रँकलिन मिळालं, 'बेनांग'साठी, हे पारितोषिक मिळालेला तो पहिला मूळनिवासी म्हणजे अ‍ॅबोरिजिनल लेखक. २००७ मध्ये अ‍ॅलेक्सिस राइटला 'कार्पेन्टारिया'साठी. त्यांची पुस्तकं वाचलीत की हर्बर्टच्या कादंबरीत कुठे पोकळी आहे ते आपोआप दिसतं. हर्बर्टची मूळनिवासी माणसं एक तर जादूभरली आहेत नाही तर बळी. स्वयंपाक करणारी, भांडणारी, भाड्याची चिंता करणारी अशी फार कमी.

आणि युद्धकाळाबद्दलच वाचायचं असेल तर अनिता हाइस यांची 'बार्बड वायर अँड चेरी ब्लॉसम्स', २०१६ ची. त्या स्वतः विराजुरी या मूळनिवासी समाजाच्या. न्यू साउथ वेल्समधल्या काउराच्या युद्धकैद्यांच्या छावणीतून ५ ऑगस्ट १९४४ ला हजारभर जपानी कैद्यांनी उठाव केला, दोनशेहून जास्त मेले, त्यातला एक पळालेला कैदी जवळच्या एराम्बी वस्तीवरचं अ‍ॅबोरिजिनल कुटुंब लपवून ठेवतं, अशी कथा. त्यात युद्धाची मोठी दृश्यं नाहीत. आहे ते म्हणजे, घरात आधीच खायला कमी, वस्तीचा मॅनेजर कधीही आत डोकावणार, आणि त्यातून एका परक्याला भाताऐवजी काय द्यायचं याची चिंता. काटेरी तारेमागच्या शत्रूला मिळतं तेवढं रेशन आपल्याला मिळत नाही, हे ते कुटुंब अगदी साधेपणाने बोलतं. मी ते वाचताना थांबले होते.

हर्बर्ट वाईट आहे असं नाही म्हणत. दोन्ही वाचा, एवढंच.

मुक्काम_डार्विन

अबोली, अनिता हाइसचं लगेच लायब्ररीत राखून ठेवलं.

आणि काउरा-डार्विनचा एक खरा धागा आहे. १९ फेब्रुवारीच्या त्या हल्ल्यात झिरो जातीचं एक जपानी लढाऊ विमान डार्विनच्या उत्तरेच्या मेलव्हिल बेटावर कोसळलं. त्याचा वैमानिक हाजिमे तोयोशिमा जिवंत होता, त्याला मॅथायस उलुंगुरा नावाच्या तिवी (तिथल्या मूळनिवासी) माणसाने पकडलं. ऑस्ट्रेलियाच्या भूमीवर पकडला गेलेला तो पहिला जपानी युद्धकैदी. त्याला पुढे काउराला नेलं, आणि अडीच वर्षांनी त्या उठावाच्या रात्री बिगुल वाजवला तो त्यानेच.

शेजारच्या बाथर्स्ट बेटावरच्या मिशनमधून पाद्र्याने त्या सकाळी ९:३५ ला रेडिओवरून कळवलं होतं की मोठ्या संख्येने विमानं दक्षिणेकडे चाललीत. तेवीस मिनिटं हातात होती. कोणी हललं नाही.

फोंडेकर

'हाफ-कास्ट' या शब्दावर एक सांगतो. कास्ट शब्द पोर्तुगीज 'कास्ता'वरून, आपल्याकडची जात बघून त्यांनी लावलेला. गोव्यात मेस्तिसो, कास्तिसो अशी प्रतवारीच होती, कोणाचं रक्त किती. तो शब्द इंग्रजांनी उचलला आणि तो फिरत फिरत ऑस्ट्रेलियातल्या एका पोराच्या फायलीवर जाऊन बसला, हे वाचून बरं नाही वाटलं. आमच्या किनाऱ्यावरून गेलेला शब्द.

नावाबद्दल: कोंकणीत 'बापडो' म्हणतात. बापडो म्हजो... पुढचा शब्द सुचत नाही.

मुक्काम_डार्विन

बापडो! हाच तो सूर. मराठीत 'बापडा'. मी 'गरीब बिचारा माझा देश' असं काहीतरी करत बसले होते आणि ते कानाला खोटं वाटत होतं.

रानजाई

'देश' नकोच. मूळनिवासी लोक इंग्रजीत 'कंट्री' म्हणतात तेव्हा त्यांना ऑस्ट्रेलिया देश अभिप्रेत नसतो. अमुक टेकडी, अमुक डोह, तिथे कोणाचा जन्म, कोण कुठे पुरलंय, कोणतं गाणं कुठल्या दगडापाशी म्हणायचं, हे सगळं मिळून कंट्री. ती आजारी पडते, ती वाट बघते, तिच्याशी बोलतात. म्हणून मला 'मुलूख' बरोबर वाटतो. आपण म्हणतो ना, मुलखात जाऊन येतो. त्यात नकाशा नाही, आपली माणसं आणि वाटा आहेत.

बापडा माझा मुलूख.

मी रायगडात कातकरी वाड्यांवर बरीच वर्षं काम करते. तिथे म्हातारी माणसं डोंगरातल्या दळीबद्दल बोलतात (दळी म्हणजे जंगलखात्याने नाचणी-वरीसाठी कसायला दिलेला डोंगरउताराचा तुकडा) तेव्हा त्यांचा आवाज असाच होतो. तुलना ओढून ताणून करायची नाहीये, दोन्हींचा इतिहास वेगळा आहे. फक्त तो आवाज ओळखीचा वाटला म्हणून लिहिलं.

वाचनवेडा_नगरकर

'मुलूख' मध्ये मुलूखगिरी पण आहे ना? म्हणजे स्वाऱ्या, लूट. शब्दाला तो वास लागलेला आहे. 'भुई' कसं वाटतं? बापडी माझी भुई.

रानजाई

भुई गोड आहे पण भुई म्हणजे पायाखालची जमीन तेवढीच. डोह येत नाही त्यात, आभाळ येत नाही. आणि मुलूखगिरीचा वास असला तर असू दे, त्या भूमीवर तीच तर झाली.

फोंडेकर

पटलं. मुलूख.

जुनं_पान

उशिरा आलो धाग्यावर. कादंबरी मी वाचलेली नाही पण त्या काळाचा इतिहास बऱ्यापैकी वाचलाय, त्यातली एक हकीकत सांगितल्याशिवाय राहवत नाही कारण ती कुठल्याही कादंबरीच्या तोडीची आहे.

१९३२ मध्ये डार्विनच्या पूर्वेला आर्नहेम लँडच्या कॅलेडन बे इथे तिथल्या मूळनिवासी योल्ङु लोकांनी पाच जपानी मच्छीमार मारले. ते समुद्रकाकडी (ट्रेपँग) गोळा करायला यायचे, बायकांवरून आणि वागण्यावरून भांडण झालं असं सांगतात. पुढच्या वर्षी तपासाला गेलेला एक गोरा पोलीस भाल्याने मारला गेला. डार्विनमध्ये काही लोकांनी चक्क 'धडा शिकवायला' सशस्त्र तुकडी पाठवा म्हणून मागणी केली. दक्षिणेतून विरोध झाला म्हणून ते टळलं. मग मिशनऱ्यांच्या सांगण्यावरून माणसं स्वतः होऊन डार्विनला आली आणि खटले झाले. वोंगू नावाच्या वजनदार म्हाताऱ्याच्या तीन मुलांना जपान्यांना मारल्याबद्दल वीस-वीस वर्षं. पोलिसाला मारणाऱ्या धाकियारला फाशी, ती १९३४ मध्ये हायकोर्टाने रद्द केली, तो सुटला आणि सुटल्यावर डार्विनमधूनच नाहीसा झाला, परत घरी पोचलाच नाही.

आता पुढे बघा. डोनाल्ड थॉमसन नावाचा मानववंशशास्त्रज्ञ या लोकांत जाऊन राहिला, त्यांची भाषा शिकला, वोंगूच्या मुलांना १९३६ मध्ये सोडवून घरी घेऊन गेला. आणि १९४१ मध्ये लष्कराने त्याच थॉमसनला सांगितलं की आर्नहेम लँडच्या किनाऱ्यावर जपानी उतरले तर लढायला योल्ङु लोकांची तुकडी उभार. म्हणजे ज्या माणसाच्या मुलांना जपानी मारले म्हणून तुरुंगात घातलं, त्याच वोंगूकडे जाऊन सांगायचं की आता सरकारची इच्छा आहे, जपानी दिसला तर मारा. थॉमसनने हे समजावताना काय केलं असेल मला कल्पना करवत नाही. तरी ते आले. पन्नासेक माणसं, भाले घेऊन, किनारा राखला. त्यांना पगार नव्हता. तंबाखू, माशाचे गळ, तार, असं काहीबाही मिळायचं. पदकं आणि थकलेला पगार मिळाला १९९२ मध्ये. पन्नास वर्षांनी. त्यातले किती उरले असतील तेव्हा.

सुभेदाराचा_नातू

जुनं_पान, वाचून मुठी आवळल्या.

पगाराचा विषय निघालाच आहे तर टॉरेस स्ट्रेट बेटांवरची पायदळ बटालियन विसरू नका. आठशेहून जास्त माणसं, बेटांवरचे धडधाकट पुरुष जवळजवळ सगळे भरती झाले, आणि पगार गोऱ्या शिपायाच्या एक तृतीयांश. १९४३ च्या शेवटी-४४ च्या सुरुवातीला त्यांनी काम थांबवलं, गणवेशात राहून संप, युद्ध चालू असताना. त्यावर पगार वाढला तो दोन तृतीयांशापर्यंतच. उरलेला फरक मिळायला १९८० चं दशक उजाडलं.

आणि याच सरकारच्या संरक्षण समितीने १९४० मध्ये ठरवलं होतं की मूळनिवासींना सैन्यात घेणं गरजेचंही नाही आणि इष्टही नाही, का तर गोऱ्यांना त्यांच्याबरोबर राहायला आवडणार नाही. जपान दाराशी आला तेव्हा ते आवडणं-नावडणं बाजूला पडलं.

आमच्या घरात हे लगेच कळतं. आजोबा महार रेजिमेंटचे. महारांची १११वी पलटण १९१७ ला गरज होती तेव्हा उभी केली आणि १९२१ ला मोडली. वीस वर्षं दार बंद. बाबासाहेबांनी पाठपुरावा केला, व्हाइसरॉयच्या संरक्षण सल्लागार मंडळावर गेले, आणि १ ऑक्टोबर १९४१ ला बेळगावात रेजिमेंट उभी राहिली. तारीख बघा, १९४१. गरज लागली की माणूस लढवय्या ठरतो, गरज संपली की पुन्हा वेशीबाहेर. आजोबा म्हणायचे, बूट मिळाले ते महत्त्वाचं नव्हतं, ते बूट घालून गावातून चालत गेलो ते महत्त्वाचं.

मुक्काम_डार्विन

नातू, आजोबांचं ते वाक्य मी वहीत लिहून घेतलं.

इथेही तसंच काहीसं झालं. युद्धात उत्तरेत लष्कराने मूळनिवासींसाठी वसाहती काढल्या, अ‍ॅडलेड रिव्हर, मटरंका, लॅरिमा वगैरे, आणि त्यांना कामाला लावलं, लाकूड तोडणं, कपडे धुणं, गाड्या भरणं, रस्ते. मजुरी शिपायाच्या मानाने काहीच नाही, आठवड्याला पाच शिलिंग. पण पोटभर जेवण, दवाखाना, आणि सैनिकांबरोबर रोजचं बोलणं-चालणं. कॅटल स्टेशनवर यातलं काही मिळत नसे, तिथे पीठ, साखर, चहा आणि हाडं. युद्ध संपताना बर्न्ट नावाच्या मानववंशशास्त्रज्ञ नवरा-बायकोने वेस्टी कंपनीच्या स्टेशनांची पाहणी केली, ती इतकी वाईट होती की अहवाल पुस्तक म्हणून छापून यायला १९८७ उजाडलं. ज्यांनी एकदा माणसासारखं जेवून पाहिलं ते परत हाडांवर कसे राहतील? १९६६ मध्ये वेस्टींच्याच वेव्ह हिल स्टेशनवर व्हिन्सेंट लिंगियारी दोनशे गुरिंजी (तिथले मूळनिवासी) लोकांना घेऊन काम सोडून बाहेर पडला, त्याच्या मुळाशी हे युद्धातले दिवस पण आहेत असं बरेच अभ्यासक मानतात. आणि पंतप्रधान व्हिटलमने जमीन परत दिल्याची खूण म्हणून त्याच्या हातात माती ओतली ती ऑगस्ट १९७५ मध्ये. ही कादंबरी पण १९७५ ची.

मुलांचं काय झालं हेही शोधलं. क्रोकर बेटावरच्या मिशनमध्ये ९५ मुलं होती, आईबापांपासून काढून आणलेली. १९४२ मध्ये त्यांना हलवलं, होडी, पायी, ट्रक, आगगाडी असं करत ४४ दिवस, संपूर्ण खंड ओलांडून सिडनीजवळ ऑटफर्डला. मिशनमधल्या बायकांनी एकही मूल वाटेत गमावलं नाही आणि त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर आहे. पण तरी तेच येतं समोर. एकदा आईपासून काढली ती त्यांच्या भल्यासाठी, मग मुलखातून काढली तीही भल्यासाठी.

क्वीन्सलंडमध्ये केप बेडफर्डच्या मिशनचा पाद्री जर्मन, म्हणून १९४२ च्या मे मध्ये त्याला नजरकैदेत टाकलं आणि तिथल्या सगळ्या मूळनिवासींना उचलून हजार-दीड हजार किलोमीटर दक्षिणेला वूराबिंडाला नेलं. समुद्रकाठची माणसं, तिथली थंडी सोसली नाही, खूप जण दगावले. संशय काय, तर हे जर्मन मिशनमध्ये वाढलेत, जपान्यांना मदत करतील.

अबोली_मेलबर्न

मुक्काम, तुझ्या पहिल्या पोस्टमधल्या त्या 'कोणी विचारत नाही' वर माझं थोडं वेगळं मत आहे. मूळनिवासी बाजूने बॉबविरिडिरिडी पण विचारत नाहीच ना प्रिंडीला? तो पण ठरवतोच. मग आजोबात आणि त्याच्यात फरक काय? मला भीती वाटते की हर्बर्टने दोघांना एकाच तराजूत घातलं, 'दोन्ही बाजू मुलाला ओढतात' असं, आणि तिथे गोऱ्या वाचकाला सुटायला वाट मिळाली. पुकारक्काकडे मुलाला द्यायला मुलूख आहे, जेरेमीकडे त्याच मुलखाचा सरकारी कागद आहे. हे दोघांचं ओढणं सारखं कसं?

मुक्काम_डार्विन

अबोली, दोन दिवस विचार करत होते तुझ्या या प्रतिसादावर. तू म्हणतेस ते बरोबर आहे, मी दोघांना एका ओळीत बसवलं ते चुकलं. पुकारक्का जे मागतो ते त्या मुलाचंच आहे. तरी शेवटची शंभर पानं वाचताना माझा जीव प्रिंडीसाठीच तुटत होता, कुठल्याही बाजूसाठी नाही, आणि ते मी खोडून टाकणार नाही. कदाचित मी आई आहे म्हणून असेल.

तळकोकणी

इतके दिवस नुसती वाचत होते, आता लिहिते. हा धागा बघून पुस्तक मागवलं, जुनी प्रत मिळाली, कडा पिवळ्या पडलेल्या. आणि मला कोणीच सांगितलं नव्हतं की यात एक हिंदुस्थानी फेरीवाला आहे, बार्बू, आणि त्याची मुलगी सावित्रा! आधी नुसती पानं चाळत होते तेव्हा ते नाव दिसलं आणि मी थबकले. आर्नहेम लँडच्या जवळपास कुठेतरी गाडीवर सामान लादून फिरणारा आपल्याकडचा माणूस. असे खरंच होते का?

जुनं_पान

होते. बहुतेक पंजाबकडचे, शीख आणि मुसलमान, एकोणिसाव्या शतकाच्या शेवटापासून. घोडागाडीत कापड, सुया, मसाले, औषधं घेऊन शेता-शेतावर फिरायचे. १९०१ च्या कायद्याने नवे येणं बंद झालं, जे होते ते म्हातारे होत गेले. बरीच वर्षं बायका आणता येत नसत, म्हणून कित्येकांनी तिथेच संसार केले, मूळनिवासी बायकांशीही.

मुक्काम_डार्विन

सावित्राबद्दल मी मुद्दाम काही लिहिलं नाही, ती पुढे प्रिंडीच्या आयुष्यात येते, कशी ते तुम्हीच वाचा. फक्त एक, पिजिनमधले संवाद डोळ्यांनी वाचू नका, अडकाल. मोठ्याने वाचा. पहिली पन्नास पानं जड जातात, मग कान बसतो.

तळकोकणी

केलं तसं. बाबांची नजर गेलीय, त्यांना रोज रात्री काहीतरी वाचून दाखवायचं असतंच, तर आता हेच. इंग्रजी मोठ्याने वाचते आणि मग मालवणीत सांगते. पिजिन मात्र त्यांना माझ्या आधी कळतं, बोटीवर होते ना वीस वर्षं, निरनिराळ्या बंदरांतलं असंच तुटक इंग्रजी कानावर पडलेलं. नावाचा अर्थ सांगितला, बापडो माझो मुलूख. ते काही बोलले नाहीत, नुसती मान हलवली.

काल पोलीस मुलाला घेऊन जातात तिथवर आलो. साडेदहा वाजले होते, मी पुस्तक मिटलं. बाबा म्हणाले, "आणि त्या पोराची आवस?" म्हटलं बाबा, पुढचं उद्या वाचू. तर म्हणाले दिवा मालवू नको, अजून दोन पानं वाच.